भुऱ्याच्या वतीने

धाकट्याने रिमोटच्या पाठीवर दोन चापट्या मारल्या, बॅटऱ्या काढून पँटला पुसल्या, परत घातल्या, आणि तरीही टीव्ही चालू होईना तेव्हा थोरली म्हणाली,

"राहू दे. मी पिक्चर बघायला आलेली नाही."

"ताई, दीड तासाचा तर आहे. बस ना जरा. चहा टाकतो."

"चहा नको. जे बोलायचंय ते बोल."

"बोलायचंय कुठे काय? आईचं म्हणणं होतं, एकदा सगळ्यांनी मिळून बघावा."

आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. आपण असं काही म्हणालो होतो, हे तिच्या चेहऱ्यावर तरी दिसत नव्हतं. तिच्या डोळ्यांना अलीकडे मधोमधचं दिसेनासं झालं होतं, फक्त कडेचं दिसायचं. त्यामुळे समोरच्याशी बोलताना ती त्याच्या कानापलीकडे कुठेतरी बघायची. माहीत नसलेल्याला वाटावं, म्हातारीने तोंड फिरवलंय. थोरलीला माहीत होतं, आणि तरीही तिला तसंच वाटलं.

धाकटा मॉड्युलर किचन विकायचा. भांडत दुकानात शिरलेले नवराबायको आपलंच खरं झालं असं दोघांनाही वाटून बाहेर पडायचे, अशी त्याची ख्याती होती. त्याची आता बदली झाली होती. बायकोमुलं आधीच पुढे गेली होती, नव्या गावातली जागा अपुरी होती, आणि इथे पहिल्या तारखेपासून भाडेकरू यायचे होते. राहता राहिली आई. गेला महिनाभर तो थोरलीला फोन करकरून तिच्या घरातल्या मागच्या खोलीची विचारपूस करत होता. खोलीत ऊन येतं का, बाथरूम लागूनच आहे का, रस्त्याचा आवाज फार येतो का. आईला ने, एवढं दोन शब्दांचं वाक्य काही त्याच्या तोंडून बाहेर पडत नव्हतं. थोरलीही मख्खपणे ऊन येतं, आवाज येत नाही, अशी उत्तरं देत राहिली होती. आज ती त्या न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आली होती. उत्तर नाही असं होतं, आणि ते देताना आईचा चेहरा समोर असावा असं तिला वाटत होतं.

नाही म्हणण्याची तिला सवय होती. गाडीच्या लायसन्ससाठी येणाऱ्यांची ती परीक्षा घ्यायची. डावीकडे घ्या, थांबवा, मागे घ्या, उतरा. एवढ्यावर तिचं दिवसाचं बोलणं भागायचं. नापास झालेल्याला ती चूक सांगायची, धीर द्यायची नाही. धीर देणाऱ्या माणसांवर तिचा मनापासून राग होता. ऑफिसात तिला पाठीमागे ‘हँडब्रेक’ म्हणायचे, आणि ते कानावर आलं तेव्हा तिला बरंच वाटलं होतं.

टीव्ही एकदाचा लागला.

"नेटवर कुणीतरी चढवलाय," धाकटा म्हणाला. "मी शोधत होतो भलतंच आणि सापडला आपला भुऱ्या! आठवतोय ना? तू तर पाठच केला होतास."

"आठवतोय."

"मला आठवतं ते सगळं आईच्या आवाजात. काय बोलायची ना आई!"

पिक्चर परक्या भाषेतला होता. त्याची कॅसेट एका बोटीवरच्या आचाऱ्याने आईला दिली होती, आणि मुलांसाठी ती त्यातलं सगळ्यांचं बोलणं मराठीत बोलून दाखवायची. आई तेव्हा बंदराजवळच्या हॉस्पिटलात दुभाषी म्हणून नोकरीला होती. बोटींवरून उतरवलेली आजारी माणसं जी भाषा बोलत ती आईला येत होती, डॉक्टरांना येत नव्हती. त्या कामाचा पहिला नियम म्हणजे पेशंट जे म्हणेल ते त्याच्या वतीने, ‘मी’ म्हणून बोलायचं. त्याचं पोट दुखतंय असं म्हणायचं नाही. माझं पोट दुखतंय असं म्हणायचं. दुसरा नियम, पदरचं काही घालायचं नाही आणि काही गाळायचं नाही.

"तो खलाशी आठवतो का गं आई?" धाकटा साखर पेरायला लागला. "ज्याने डॉक्टरला शिवी दिली होती?"

आई नुसती हं म्हणाली.

"ताई, तुला माहितीय ना? त्याने डॉक्टरला आईवरून शिवी हासडली, आणि आपल्या मातोश्रींनी ती जशीच्या तशी, अगदी शांत आवाजात, डॉक्टरच्या तोंडावर दिली. डॉक्टर तक्रार घेऊन गेला वरती. तर वरचे म्हणाले, बाईंनी काम चोख केलं, शिवी तुमची तुम्ही बघा!"

तो एकटाच हसला. थोरलीला ही गोष्ट माहीत होती. आत्याकडे राहायला गेल्यावर नव्या शाळेत, नव्या वर्गात, तिने ती कितीदा तरी सांगितली होती. माझी आई एक शब्द इकडचा तिकडे करत नाही, असं म्हणून ती गोष्ट संपवायची. ज्या आईने आपल्याला देऊन टाकलं तिची फुशारकी आपण मारत होतो, हे आता आठवून तिला स्वतःचाच संताप आला.

पडद्यावर बर्फ होता. एक डोंगर, एक लाकडी घर, घराशेजारी गोठा, आणि गोठ्याच्या दारातून मान बाहेर काढलेला भुरा घोडा.

"बर्फ पडतोय का?" आईने विचारलं.

"पडतोय पडतोय," धाकटा म्हणाला आणि त्याने खिशातून फोन काढला. पिक्चर त्याने लावला होता तो थोरलीचं मन मऊ व्हावं म्हणून. स्वतः बघायचा त्याचा विचार नव्हता.

पडद्यावरच्या मुलाने तोंड उघडलं आणि खुर्चीतून आई बोलली, "आई, मी भुऱ्याला पाणी पाजून आलो."

आवाज बारीक केलेला नव्हता, नक्कल नव्हती. पूर्वीही नसायची. आई सरळ स्वतःच्या आवाजात बोलायची आणि दोन मिनिटांत मुलं विसरून जायची की हे आई बोलतेय. थोरलीच्या मानेवरून काटा सरकला, आणि असा काटा आल्याचा तिला राग आला.

मग तिला पडद्याच्या तळाशी अक्षरं दिसली. कुणीतरी हौसेने मराठीत संवाद लिहून खाली घातले होते. त्या मुलाच्या खाली लिहिलं होतं, ‘आई, तू रात्री परत रडत होतीस का?’

थोरलीने दुर्लक्ष केलं. फुकटात काम करणाऱ्या कुणीतरी ठोकून दिलं असेल. आई चुकणार नाही, हे तिच्या डोक्यात इतकं पक्कं होतं की आईवर चिडलेली असतानाही ते हललं नाही.

मुलाची आई विधवा होती, हे खालच्या अक्षरांत होतं आणि आईच्या बोलण्यातही होतं. चारा संपत आलाय, हेही दोन्हीकडे सारखंच होतं. थोरली जरा सैलावून बसली. मग घराशी गाडी थांबली, टोपीवाला माणूस उतरला, आणि त्याने गोठ्याकडे बघत त्या बाईला काही सांगितलं.

"आमच्याकडे एवढं मोठं रान आहे," आई म्हणाली, "पण दावणीला एक घोडा नाही. घर नुसतं खायला उठतं."

खाली आलं, ‘सकाळी माणसं पाठवतो. मुलाला तेवढं घरात कोंडून ठेवा.’

थोरलीचा उजवा पाय पुढे सरकून जमिनीवर दाबला गेला. परीक्षेच्या गाडीत तिच्या बाजूला दुसरा ब्रेक असायचा.

घर खायला उठतं, हे वाक्य तिला चांगलं आठवत होतं. वडील गेले त्या वर्षी आत्या याच खोलीत बसून तसं म्हणाली होती. आत्याला मूल नव्हतं. एक पोर आम्ही नेतो, वहिनी, तुमचाही भार हलका होईल, असं ती म्हणाली होती. धाकटा तेव्हा चार वर्षांचा, आईच्या कमरेला चिकटलेला. थोरली दहा वर्षांची. आत्याचं बोलणं ऐकून तिला वाटलं होतं, अरे, ही तर टोपीवाल्या काकांसारखंच बोलते. आणि टोपीवाले काका चांगले होते. भुऱ्या त्यांच्याकडे आनंदाने गेला होता.

आत्या येऊन गेली त्याच्या आधी महिनाभर आई रोज ती कॅसेट लावत होती.

पडद्यावर सकाळ झाली. दोन माणसं भुऱ्याला फळीवरून ट्रकमध्ये चढवायला लागली. भुऱ्या मागच्या पायांवर उभा राहिला.

"किती उड्या मारतोय बघा!" आई म्हणाली. "नव्या घरी जायची घाई झालीय त्याला."

घराचं दार उघडून मुलगा अनवाणी बाहेर आला. ट्रक सुटला होता. मुलगा बर्फातून धावत, दोन्ही हात वर करून, तोंड वासून ओरडत होता. थोरलीला हा प्रसंग पूर्ण आठवत होता. तिच्या बाबतीतही तो एकदा असाच घडला होता, ट्रकऐवजी आत्याच्या गाडीत. तिने खिडकीची काच खाली करून आईला जे ओरडून सांगितलं होतं, तेच आता खुर्चीतून ऐकू आलं.

"नीट राहा! काळजी करू नकोस! मी येईन भेटायला!"

शेजारच्या बायका तेव्हा म्हणाल्या होत्या, काय समजूतदार पोर आहे, डोळ्यांत टिपूस नाही.

"त्याला सोडा," थोरली म्हणाली.

धाकट्याने फोनवरून मान वर केली. "काय?"

"त्याला सोडा. आई, त्यांना थांबव. थांबव ना, आई. मी नाही देणार. मी तुझ्याशी कधी बोलणार नाही." थोरली डावीकडे घ्या म्हणावं तितक्याच कोरड्या आवाजात वाचत होती.

खुर्चीतलं बोलणं थांबलं.

"ताई, हे काय?"

"खाली लिहून येतंय. मराठीत."

"खाली लिहून येतंय?" आईने विचारलं. तिचं तोंड टीव्हीकडे नव्हतं, थोरलीकडेही नव्हतं. "कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग मला बोलू कशाला दिलंत?"

आवाजात शरम नव्हती. उलट राग होता, हॉस्पिटलात कुणी मध्येच तोडलं तर यायचा तसला. थोरलीला त्या रागाने बरं वाटलं. गयावया करणाऱ्या म्हातारीशी भांडणं तिला जड गेलं असतं.

"बोल की. कोण नको म्हणतंय?" ती म्हणाली. "दोन्ही ऐकू दे ना आम्हाला."

धाकटा रिमोटकडे वळला, तर थोरलीने तो त्याच्या आधी उचलून मांडीवर ठेवला.

"बंद कर ताई. उगाच कशाला?"

"सगळ्यांनी मिळून बघायचा होता ना? बघ."

आणि तिने उरलेला पिक्चर मोठ्याने वाचून दाखवला. एकही ओळ सोडली नाही. भुऱ्या कुंपण तोडून निघाला, नदी ओलांडून, डोंगर चढून, एका रात्री दारात येऊन उभा राहिला. लहानपणी आईने सांगितलं होतं की तो सुट्टीत भेटायला आलाय. थोरलीने वाचलं, ‘तू परत आलास. एवढ्या लांबून, एकटा चालत आलास.’ मुलाने त्याला गोठ्यात लपवलं. लहानपणी, आईच्या सांगण्यात, ते दोघं लपंडाव खेळत होते. टोपीवाला आला, आरडाओरडा झाला, मुलगा घोड्याच्या पुढ्यात हात पसरून उभा राहिला, आणि शेवटी त्याची आई बर्फात गुडघे टेकून त्याच्यासमोर बसली.

"मी चुकले," थोरलीने वाचलं. "मला माफ कर. तुला न विचारता मी हे करायला नको होतं."

वाचून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की हे आपणच आईला म्हटल्यासारखं झालं. धाकट्याने घसा खाकरला. याच ठिकाणी पूर्वी आई म्हणायची, शाबास माझ्या शहाण्या बाळा, आणि म्हणताना थोरलीच्या केसांवरून हात फिरवायची.

शेवटी मुलगा भुऱ्याच्या उघड्या पाठीवर बसून डोंगर चढू लागला. वाकून तो घोड्याच्या कानात काहीतरी बोलला. आईच्या सांगण्यात तो त्याला काकांकडे परत सोडायला चालला होता. सुट्टी संपली होती.

"आता तुला कुणी नेणार नाही," थोरलीने वाचलं, आणि टीव्ही बंद केला.

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करायची खटपट करत होतं. ती चार वेळा घुरघुरली आणि बंद पडली.

"अगं ताई," धाकट्याने सारवासारव सुरू केली, "पोरं रडू नयेत म्हणून फिरवलं असेल आईने थोडं. आम्हीही नाही का मुलांना..."

"तू गप्प बस. तुला कुणी दिलं नव्हतं." थोरली आईकडे वळली. "तुला तसंच कळलं होतं का ते? चुकून?"

धाकटा आईकडे आशेने बघत होता. हो म्हण, आई, भाषा जुनी होती म्हण, आवाज नीट येत नव्हता म्हण. एका शब्दात सगळं मिटलं असतं.

"नाही," आई म्हणाली. "शब्द न् शब्द कळत होता."

"मग?"

"मग काय? तुझं जायचं ठरत आलं होतं. तुझ्या आत्याचा निरोप आला होता. दोघांना सांभाळून माझी नोकरी होत नव्हती. तुला तिथे पाठवायचं, तर तू हसत जावीस असं मला वाटत होतं."

"मी हसत जावं, का तुला बरं वाटावं?"

"दोन्ही."

हे उत्तर थोरलीला अपेक्षित नव्हतं. एवढ्या वर्षांत तिने मनातल्या मनात आईशी कितीतरी भांडणं केली होती, आणि त्या सगळ्यांत आई रडायची तरी किंवा नाकारायची तरी.

"आणि खरं सांगू का," आई म्हणाली, "मी रोज वाट बघायचे. कॅसेट लावायचे आणि वाट बघायचे."

"कशाची?"

"तू म्हणशील, आई, काहीतरीच काय सांगतेस, तो मुलगा रडतोय. शब्द माझे होते, पण तोंड तर त्याचंच होतं ना? डोळ्यांना दिसतच होतं. तू एकदा जरी तसं म्हणाली असतीस, जायच्या दिवशी एकदा जरी भोकाड पसरलं असतंस, तर मी तुझ्या आत्याचे पाय धरले असते. नाही देत म्हणाले असते. तू काच खाली करून हसलीस. मला वाटलं, हिला जायचंय."

थोरली उठून उभी राहिली. तिला आईला गदागदा हलवावंसं वाटलं, आणि ते खरोखर होईल या भीतीने तिने दोन्ही हात पाठीमागे धरले.

"मी दहा वर्षांची होते," ती म्हणाली. "डोळ्यांना दिसत होतं मला. तो रडतोय हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. पण तू सांगत होतीस की तो हसतोय. मी तुझं खरं धरलं आणि माझे डोळे खोटे धरले. त्यानंतर आजतागायत मला कुणी रडताना दिसलं तर आधी शंका येते. कळतंय का तुला?"

"कळतंय."

"नाही म्हणायचं वाक्य तू गाळलंस. मग मी नाही म्हणाले नाही म्हणून मला देऊन टाकलंस. आणि वर आज मलाच सांगतेस, मी वाट बघत होते."

"हो," आई म्हणाली. "तसंच झालं ते."

एवढंच. माफी नाही, हुंदका नाही. आत्याने थोरलीला काही कमी केलं नव्हतं, हात उगारला नव्हता, शिकवलं होतं, आजारपणात उशाशी बसली होती. त्यामुळे आजवर तक्रार करायला तिच्याकडे काही नव्हतं. आता होतं, आणि समोरच्या बाईने ते निमूट कबूलही केलं होतं. तरीही छातीत जे गच्च बसलं होतं ते तसूभर हललं नाही.

धाकट्याने घड्याळाकडे बघितलं. त्याला वाटलं, वादळ होऊन गेलं, आता मुद्द्याचं बोलून घ्यावं.

"हे बघ ताई, जे झालं ते वाईटच झालं. मी नाही म्हणतच नाही. पण आता आईचं वय झालंय. तुझ्याकडे ती मागची खोली..."

"नाही."

"अगं पण ऐकून तर..."

"नेणार नाही. हेच सांगायला आले होते, आणि पिक्चर नसता बघितला तरी हेच सांगितलं असतं. माझ्या गळ्यात मारू नकोस."

धाकट्याच्या चेहऱ्यावर दुकानातला चेहरा आला. त्याने टेबलाखालच्या कप्प्यातून एक रंगीत माहितीपत्रक काढून तिच्यापुढे धरलं. बैठी इमारत, हिरवळ, हिरवळीवर चाकाच्या खुर्च्या.

"मला वाटलंच होतं. म्हणून इथेही बोलून ठेवलंय. सोमवारी गाडी येईल. जागा फार छान आहे गं. बाग आहे, डॉक्टर आहे, बोलायला माणसं आहेत. आईची काही हरकत नाही. आई म्हणते, इथे तरी दिवसभर एकटीच असते, तिथे सोबत तरी मिळेल. आई म्हणते, तुम्ही आपापलं बघा, माझी काळजी करू नका."

"आई म्हणते?"

"हो मग!"

"कधी म्हणाली?"

"कधी म्हणजे? बोललोय आम्ही. आईची तयारी आहे. उलट तीच म्हणते, लवकर होऊन जाऊ दे."

थोरलीने माहितीपत्रक हातात घेतलं नाही. आई गुडघ्यावरची साडी बोटांनी सारखी करत होती, सारखी झालेलीच परत सारखी करत होती. आयुष्यभर या बाईने दुसऱ्यांच्या वतीने तोंड उघडलं होतं. माझा पाय कापू नका, मला घरी कळवायचं आहे, मला भीती वाटते, हे तिने डॉक्टरांना हजारदा सांगितलं असेल. पण स्वतःला चहा हवाय हेदेखील तिच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं. थोरलीला तिची कणव आली नाही. आता भोग, असंच तिच्या मनात आलं, आणि तसं आल्याचं तिला मुळीच वाईट वाटलं नाही. तिने दाराकडे पाऊल टाकलं.

"मला नाही जायचं."

धाकट्याने चटकन टीव्हीकडे बघितलं. थोरलीनेही बघितलं. पडदा काळा होता. आवाज तोच होता, ज्यात कधी चढउतार नसायचा, आणि म्हणून क्षणभर दोघांनाही कळेना की हे कुणाच्या वतीने बोललं गेलं.

"मला इथून नाही जायचं," आई म्हणाली. "घर माझ्या नावावर आहे. त्या भाडेकरूंना नाही म्हणून कळव. कामाला बाई बघ, नाहीतर मी बघेन. मी पडले तर पडेन. पण मला कुणी न्यायचं नाही."

"आई, अगं असं काय करतेस? आपलं ठरलंय सगळं!"

"तुझं ठरलंय."

"तुला दिसत नाही, उद्या गॅसवर काही..." घरात धाकट्याला कुणी नाही म्हटल्याचं त्याच्या आठवणीत नव्हतं. तो थोरलीकडे वळला आणि अगदी लहानपणीच्या आवाजात म्हणाला, "ताई, ही काय बोलतेय बघ ना. तू तरी सांग."

थोरली दाराशी उभी होती. आईने तिच्याकडे मदतीसाठी बघितलं नाही. बघितलं असतं तरी ते तिच्या कानापलीकडेच गेलं असतं.

"मी कशाला सांगू?" थोरली म्हणाली. "ती मराठीतच बोलतेय."